गाडीची परीक्षा

जुनी मोटारगाडी विकत घेण्यापूर्वीं ती एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावी, हा उपदेश आम्हीं आजवर दहापांच जणांना तरी केला असेल. उपदेश करण्यास पैसे पडत नाहींत, आणि प्राध्यापकाच्या धंद्यांत तर त्याची संवयच होऊन बसते. परंतु आपणच सांगितलेलें शहाणपण आपल्यावर उलटलें म्हणजे तें किती बोंचतें, याचा अनुभव आम्हांला गेल्या उन्हाळ्यांत, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, नागपूरच्या दक्षिणेस असलेल्या बेसा येथें आला. तो जसाच्या तसा सांगतों.

आम्ही शाळेंत होतों त्या काळीं नागपूरच्या रस्त्यांवर ॲम्बॅसेडर आणि फियाट या दोनच जातींच्या गाड्या प्रामुख्यानें दिसत. दोन्ही एखाद्या पेढीवरील मुनिमासारख्या भारदस्त. अशा वेळीं सिव्हिल लाइन्सच्या दाट झाडांखालून एक गृहस्थ उघड्या टपाची तांबडी मोटार हांकीत जात असत. गाडी लहान, ठेंगणी, आणि समोरून पाहिली तर किंचित् भुंवया चढविल्यासारखी. पानांतून गळणारें ऊन तिच्या बैठकीवरून सरसर धांवत जाई, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही सायकलवरून एक पाय टेकून पाहत उभे राहत असूं. ते गृहस्थ कोण, गाडी कोणती, हें आम्हीं कोणास विचारलें नाहीं. पुढें आम्ही इंग्रजीचे पदवीधर झालों, त्याच विषयाचे प्राध्यापक झालों. आधीं स्कूटर घेतली आणि मग बँकेचें कर्ज काढून एक पांढरी, समंजस मोटार घेतली. तांबडी गाडी मात्र मनांत जेथें होती तेथेंच उभी राहिली.

गेल्या एप्रिलांत एका विद्यार्थ्यानें आपल्या मोबाइलवर आलेली एक जाहिरात आम्हांला दाखविली. “क्लासिक स्पोर्ट्स कार, १९६६, उघडा टप, तांबडा रंग, पहिल्यापासून एकाच घरांत, बेसा,” एवढा मजकूर, खालीं साडेपांच लाख रुपये किंमत, आणि सोबत छायाचित्र. तें पाहतांच आमच्या हातांतील उत्तरपत्रिका गळून पडल्या असें म्हटल्यास अतिशयोक्ति होईल. पण त्या संध्याकाळीं आम्हीं एकहि उत्तरपत्रिका तपासली नाहीं, हें खरें. त्याच भुंवया, तोच रंग! ही तीच गाडी असेल काय? ही शंका आम्हीं कोणाजवळ बोलून दाखविली नाहीं. अशा शंका उच्चारल्या म्हणजे हास्यास्पद होतात, आणि न उच्चारल्या म्हणजे वाढत जातात.

घरीं गोष्ट काढली तेव्हां आमची गृहिणी भाजी निवडीत होती. आमच्या घराची गच्ची दोन पावसाळे झिरपत होती, आणि तिच्या दुरुस्तीसाठीं एक मुदत ठेव राखून ठेवलेली होती. “अहो,” ती म्हणाली, “घराचं छप्पर गळतं म्हणून ठेवलेल्या पैशांतून तुम्ही छप्पर नसलेली गाडी घेणार?” हा युक्तिवाद बिनतोड होता. आम्हीं तडजोड म्हणून आपलाच जुना उपदेश पुढें केला. “आधी जाणत्या माणसाकडून तपासून घेऊं. तो नको म्हणाला तर नको.”

“आणि घ्या म्हणाला तर?” या प्रश्नाचें उत्तर आम्हीं दिलें नाहीं.

तपासणीपूर्वीं थोडें वाचन करावें, ही आमची खोड. छायाचित्रांतील गाडी स्टँडर्ड हेरल्ड होती. इंग्लंडांतील कोव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीनें १९५९ मध्यें ट्रायम्फ हेरल्ड बाजारांत आणली. तिचें रूप इटलींतील मिकेलॉत्ती या कलावंतानें रेखिलें होतें. १९६१ पासून तीच गाडी स्टँडर्ड या नांवानें मद्रासेस तयार होऊं लागली, आणि १९७१ च्या सुमारास बंद झाली. तिची रचना मोठी चमत्कारिक आहे. त्या काळीं गाडीचा सांगाडा आणि कवच एकजीव करण्याची रीति रूढ होत चालली होती. परंतु तशीं कवचें करून देणारा कारखाना प्रतिस्पर्ध्यांच्या हातीं गेल्यामुळें ट्रायम्फवाल्यांनीं जुन्या पद्धतीची वेगळी चासी केली, आणि तिच्यावर कवचाचे निरनिराळे भाग बोल्टांनीं आवळून बसविले. समोरचें सबंध बोनेट मडगार्डांसकट पुढें कलतें. टपसुद्धां बोल्टांनींच बसविलेला असतो. विलायतेंत उघड्या टपाची हेरल्डहि निघत असे. शिवाय हीच चासी आंखूड करून कंपनीनें १९६२ मध्यें स्पिटफायर नांवाची दोन आसनांची खरीखुरी स्पोर्ट्स कार काढली. म्हणजे जाहिरातींतील ‘स्पोर्ट्स’ हा शब्द आमच्या गाडीस फार तर नात्यानें लागू होता. चुलत बहीण नाटकांत काम करते म्हणून एखादीस नटी म्हणावें, तसा. हें आम्हांला पहिल्याच दिवशीं कळलें, आणि पहिल्याच दिवशीं आम्हीं त्याकडे काणाडोळा केला.

मिस्त्री एका सहकार्‍यानें सुचविला. वय साठीकडे झुकलेलें, शब्दांचा कंजूष, आणि पोरवयापासून याच जातीच्या गाड्यांवर हात बसलेला. त्यानें दोन अटी घातल्या. पहिली, दोन हजार रुपये आधीं. “गाडी पाहून पैसे घेतले तर तुमच्या तोंडाकडे पाहून बोलावं लागते जी. आधी घेतले म्हणजे जीभ मोकळी राहते.” दुसरी अट अशी कीं, विकणारांनीं त्या दिवशीं सकाळीं इंजिन सुरू करावयाचें नाहीं. तापलेलें इंजिन आपले दोष लपवितें आणि थंड इंजिन खरें बोलतें, असें त्याचें म्हणणें. आमच्या विद्यापीठांतील तोंडी परीक्षेचे नियमहि इतके कडक नाहींत.

मे महिन्यांतील एका सकाळीं, ऊन चढण्यापूर्वीं, मनीषनगर ओलांडून आम्ही दोघे बेशास पोंचलों. आमच्या लहानपणीं बेसा म्हणजे शेतांमधलें एक खेडें होतें. आतां बेसा-पिपळा मिळून नगरपंचायत झाली आहे, आणि जेथें शेतें होतीं तेथें सदनिकांच्या उंच इमारती उभ्या आहेत. त्यांच्या सावलींत एक बैठें घर उरलेलें होतें. अंगणांत कडुनिंब, आणि त्याखालीं ती. मालकीणबाई ऐंशीच्या घरांतल्या. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वीं वारले होते, आणि विक्रीचा सारा व्यवहार त्यांचा भाचा पाहत होता, जाहिरातहि त्याचीच. काकूंनीं आम्हांला पाणी दिलें आणि त्या पडवींत खुर्चीवर जाऊन बसल्या.

गाडीपुढें उभे राहतांच आम्ही पुन्हां बारा वर्षांचे झालों. मिस्त्री मात्र साठीचाच राहिला.

त्यानें प्रथम इंजिनावर तळहात ठेवून पाहिला. मग दारांच्या फटी न्याहाळल्या; त्या खालीं रुंद आणि वर अरुंद होत्या. मग खिशांतून फडक्यांत गुंडाळलेलें चुंबक काढून तो तें पत्र्यावरून फिरवूं लागला. जेथें चुंबक धरी तेथें पत्रा. जेथें निसटे तेथें लांबी, म्हणजे गंजलेली जागा बुजविण्यासाठीं रंगारी जें लुकण भरतात तें. दाराखालच्या पट्टीवर चुंबक तीनदां निसटलें. नंतर जॅक लावून तो गाडीखालीं शिरला आणि स्क्रूड्रायव्हरनें चासी टोंचूं लागला. कांहीं वेळ ठण् ठण् असा आवाज येत राहिला. मग एके ठिकाणीं आवाजच आला नाहीं. मुख्य चासीपासून बाजूंना जे आडवे हात निघतात आणि ज्यांच्यावर कवच टेकतें, त्यांपैकीं डावीकडचे दोन गंजून पापुद्रे झाले होते. पुढच्या चाकांशीं जो पितळी सांधा असतो त्यांत तेल घालावें लागतें; येथें कोणीतरी वर्षानुवर्षें ग्रीस भरलें होतें. ग्रीस आंतपर्यंत पोंचत नाहीं, ओल मात्र पोंचते. मग आंतला दांडा झिजत जातो आणि एखाद्या वळणावर मोडून चाक आडवें पडतें. हें सर्व त्यानें गाडीखालूनच, कोणाची तरी वंशावळ सांगावी तशा स्वरांत सांगितलें.

इंजिनाची परीक्षा त्या मानानें बरी निघाली. चारी प्लग काढून त्यानें एकेका सिलिंडरचा दाब गेजवर मोजला. तिघांचे आंकडे जवळजवळ सारखे, चौथ्याचा बराच खालीं. चौथ्यांत चमचाभर तेल सोडून पुन्हां मोजतांच आंकडा वर आला. म्हणजे व्हॉल्व्ह शाबूत, रिंगा झिजलेल्या. आम्हांला आंत बसवून त्यानें क्लच दाबावयास लावला आणि इंजिनाच्या तोंडाची पुली पुढेंमागें सरकते कीं काय तें पाहिलें. ती जवळजवळ सरकली नाहीं. “हे चांगलं आहे,” तो म्हणाला. त्या सकाळचे एवढेच प्रशंसेचे शब्द.

यानंतर त्यानें दोन लहान गोष्टी केल्या. मागच्या बैठकीच्या पाठीमागील पट्टीवरून अंगठा फिरविला, आणि दाराच्या बिजागरीजवळचा रंग नखानें खरवडला. पट्टीवर बुजविलेल्या भोंकांची एक सरळ रांग होती. आणि तांबड्या रंगाखालीं फिकट निळा रंग होता.

“ही उघडी गाडी नव्हती जी. बंद होती, टप काढून टाकला. अन् लाल बी नव्हती.”

आम्हीं शक्य तितक्या निर्विकार मुद्रेनें विचारलें, “तांबडा रंग केव्हां दिला असेल?”

“चार-पांच वर्षांच्या वर नाही.”

चाळीस वर्षें मनांत उभी असलेली गाडी त्या वाक्यासरशीं कडुनिंबाखालून निघून गेली. उरली ती दुसरीच.

अंगणाच्या कोपर्‍यांत नेऊन मिस्त्रीनें आम्हांला बाकीचें सांगितलें. १५ जुलै २०२१ रोजीं केंद्र सरकारनें जुन्या वाहनांविषयीं नियम काढले आहेत. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपांत राखलेली आणि मोठा फेरफार न केलेली गाडी त्यांप्रमाणें व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांच्या खास क्रमांकानें नोंदवितां येते. नव्या नोंदणीचें शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षें. टप काढलेली गाडी ‘मूळ रूपांतली’ कशी ठरावी, हा पहिला प्रश्न. आणि ठरली तरी ती मेळाव्यास किंवा प्रदर्शनास न्यावी; रोजच्या वापरास तिला परवानगी नाहीं. आम्ही तर मनांतल्या मनांत तींत बसून रोज कॉलेजांत जात होतों. मिस्त्रीनें खिशांतून कागद काढला. “सांगा सर, लिहून देऊ?”

येथें जें आम्ही बोललों तें लिहितांना आजहि लाज वाटते. पण लिहावयाचें तर हेंच लिहिलें पाहिजे. तो कागद आम्हांला घरीं दाखवावयाचा होता. आम्ही म्हणालों, “तें चासीचें आणि सांध्याचें जरा सौम्य शब्दांत लिहिलेंत तर? दुरुस्ती तर आपण पुढें करूंच.”

त्यानें आमच्याकडे पाहिलें. “सर, तुम्ही पेपर तपासता ना जी?”

“हो.”

“नापास पोराला पास केलं तर काय होते?”

“कांहीं नाहीं. तो पुढच्या वर्गांत जातो.”

“गाडी पुढच्या वर्गात नाही जात जी. वर्धा रोडवर जाते.”

बारा-तेरा वर्षांपूर्वीं एक स्नेही आपल्या पुतण्याच्या दोन गुणांसाठीं आमच्या घरीं आले होते. आम्हीं त्यांना अर्धा तास परीक्षेच्या पावित्र्यावर व्याख्यान दिलें आणि चहाहि विचारला नाहीं. ते मान खालीं घालून जिना उतरले, तो प्रसंग त्या कडुनिंबाखालीं आम्हांला लख्ख आठवला. त्या वेळीं आमची जी सचोटी होती ती कितपत आमची होती? पुतण्या दुसर्‍याचा होता, हा तिचा पाया. आज आपल्या आवडीची वस्तु परीक्षेस बसली आणि पहिल्याच प्रश्नास आम्ही वाढीव गुण मागूं लागलों. आम्ही म्हणालों, “असेल तें लिहा.”

त्यानें लिहिलें. मग दुसरा मोह उभा राहिला. एवढे दोष हातीं आल्यावर भाच्याला कोंडींत पकडून किंमत पाडावी, आणि भोंकांची गोष्ट काकूंच्या कानांवर जाऊंच देऊं नये. आपल्या यजमानांच्या गाडीला लोक खोटी म्हणतात हें त्या वृद्ध बाईंनीं कशाला ऐकावें? पाहा, स्वार्थ दयेचा पोशाख किती सहज चढवितो तो! काकूंनींच पडवींतून हांक मारली, “काय निघालं हो? मोठ्यानं वाचा, मला कमी ऐकूं येतं.” आम्हीं सबंध कागद मोठ्यानें वाचला. ‘टप कापून काढलेला’ हे शब्द येतांच त्यांनीं हात वर केला.

“कापला नाही. खोलला. अडुसष्ट सालीं, आमच्या लग्नाला दोन महिने झाले होते तेव्हां. गाडी मामंजींची. ते गावाला गेलेले पाहून हे रविवारीं पाना घेऊन बसले. मला रामटेकला उघड्या गाडींतून न्यायचं होतं यांना. येतांना पाऊस आला. माझी नवी साडी गेली, अंबाडा सुटला. मामंजी आठ दिवस यांच्याशीं बोलले नाहीत.”

“मग टप पुन्हां बसविला नाहीं?”

“उद्या लावतो म्हणाले. पन्नास वर्षं म्हणत होते.” मग भाच्याकडे पाहून त्या म्हणाल्या, “आणि निळीच होती ती. तांबडी यानं केली, विकायला बरी म्हणून.” भाचा मोबाइलमध्यें पाहूं लागला.

मिस्त्री प्रथमच आपण होऊन बोलला. “मावशी, तो टप कुठं टाकला?”

“टाकते कशाला? धंतोलीचं घर सोडलं तेव्हां ट्रकमधून आणला. मागं आहे. बंबाच्या सरपणावर.”

घरामागें चार विटांच्या थरांवर तो पालथा ठेवलेला होता. खालीं रचलेलीं लांकडें, आणि लांकडांच्या आडोशाला एक मांजर पिलांसह निजलेलें. निळा रंग कोठें कोठें अजून शिल्लक होता. कडा गंजल्या होत्या, कांचांचें रबर केव्हांच गेलें होतें. मिस्त्रीनें चुंबक फिरविलें. तें एकदांहि निसटलें नाहीं. मग त्यानें एक सुतळी घेऊन टपाच्या कडेच्या भोंकांमधलें अंतर मापलें, अंगणांत जाऊन गाडीच्या पट्टीवर तीच सुतळी धरली, परत आला आणि आमच्या हातांतून कागद घेऊन खालीं एक ओळ वाढविली: “मूळ टप घरांत आहे. दुरुस्त होतो.”

सौदा तीन लाखांवर ठरला. ‘स्पोर्ट्स’ या शब्दाची किंमत आणि दुरुस्तीचा अंदाज काकूंनीं स्वतः वजा करविला. आम्हीं पंचवीस हजार इसार दिला. बाकी रक्कम दिवाळीपर्यंत. त्यांची एकच अट होती: “टप नेणार असाल तर सरपणावर पत्रे घालून द्या. दोन लागतील. पावसाळा तोंडावर आला आहे.” ते पत्रे आम्ही त्याच आठवड्यांत घालून आलों.

घरीं आम्हीं कागद गृहिणीपुढें ठेवला. तिनें तो दोनदां वाचला. “गच्ची आधी,” ती म्हणाली. त्याप्रमाणें गच्ची आधीं झाली. गाडी मिस्त्रीच्या गॅरेजांत गेली, आणि गेल्या रविवारीं आम्ही उभयतां तेथें गेलों होतों. चासीचे दोन नवे हात जोडून झाले होते, सांधे बदलले होते; टप चार बोल्टांवर तात्पुरता टेकविलेला होता. त्याच्यासह ती गाडी साधी, घरंदाज आणि थोडी जुनाट दिसत होती. जाहिरातींतल्यासारखी मुळींच नाहीं.

आम्हीं मनांत हिशेब केला. जीं जीं कारणें घेऊन आम्ही बेशास गेलों होतों तीं सर्व तपासणींत गळालीं होतीं. गाडी स्पोर्ट्स नव्हती, उघडी नव्हती, तांबडी नव्हती आणि आमच्या लहानपणची तर नव्हतीच. त्या सकाळीं मिस्त्रीनें सौम्य शब्दांत लिहून दिलें असतें, तर आम्ही साडेपांच लाखांस एक नसलेली गाडी घेऊन आलों असतों आणि वर्धा रोडवर असलेल्या गाडीनें आमचा जीव घेतला असता. आतां जी समोर होती तिचे सारे दोष आम्हांला नांवानिशीं ठाऊक होते, आणि तरीहि ती हवी होती. उपदेश करणें आम्हीं अद्याप सोडलेलें नाहीं; फक्त त्याला एक पुस्ती जोडतों. मिस्त्रीचा कागद आधीं घरांत वाचून दाखवावा, आणि तो मोठ्यानें वाचावा.

गृहिणीनें गाडीभोंवतीं एक फेरी घातली, दार उघडून आंत बसून पाहिलें, आणि मिस्त्रीला एकच प्रश्न विचारला, “हे हिच्यांतून गेले तर परत येतील ना?”

“दोन महिन्यांनी येतील जी. आज नाही.”

तें उत्तर तिला पटलेलें दिसलें. उतरतांना तिनें बिजागरीजवळची ती नखभर खरवडलेली जागा पाहिली आणि म्हणाली, “रंग निळाच द्या.”

आम्हीं मान हलविली.